बाजारात तुरी

अमेरिकेच्या घटनाकारांनी राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची ठरविली, तेव्हा निवडलेल्या गृहस्थाला निदान तेवढा काळ कारभार करू द्यावा आणि इतर प्रजाजनांनी तोवर आपापल्या शेतीवाडीकडे व व्यापारउदिमाकडे लक्ष द्यावे, असा काहीसा सद्‌हेतू त्यांच्या मनात असावा. परंतु घटना लिहिताना त्यांनी ज्या अनेक गोष्टी गृहीत धरल्या त्यांपैकी मनुष्यस्वभावातील संयम ही सर्वांत कच्ची निघाली. २०२४ च्या नोव्हेंबरात कमला हॅरिस पराभूत झाल्या, आणि कॅलिफोर्नियात, जेथे मतमोजणी आठवडेच्या आठवडे रेंगाळते, मतपत्रिकांचे गठ्ठे अद्याप सुटायचे होते, तोच २०२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी कोणाच्या गळ्यात पडणार याच्या याद्या झळकू लागल्या. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम, मिशिगनच्या ग्रेचेन व्हिटमर, पेनसिल्व्हेनियाचे जॉश शपिरो, इलिनॉयचे प्रिट्झकर, तत्कालीन परिवहनमंत्री पीट बुटिजेज, आणि जिचा पराभवाचा घामही अद्याप वाळला नव्हता ती खुद्द हॅरिसबाई! लंडनच्या सट्टेवाल्यांनी तर भावही काढले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण ज्या चतुर पूर्वजाने रचली त्याने वॉशिंग्टन शहर खचितच पाहिले नव्हते. तेथे तुरी बाजारात येण्याची गोष्ट दूर, ज्या शेतात त्या पिकावयाच्या त्याची नांगरटदेखील झालेली नसताना भट आणि भटीण हातघाईवर आलेली असतात, आणि कोणाचे लाटणे अधिक लागले यावर चार तज्ज्ञ दूरचित्रवाणीवर मतप्रदर्शन करीत असतात.

हा केवळ रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असे मात्र कोणी समजू नये. त्यामागे द्रव्य आहे, मनुष्यबळ आहे आणि पिढीजात विधी आहे. इच्छुक प्रथम धनिकांच्या घरी भोजनास जातो. नंतर आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या दोन राज्यांत, जेथे एरवी त्याचे काडीइतकेही काम नसते, कोण्या स्थानिक पुढाऱ्याला मदत म्हणून अकस्मात प्रकट होतो. आणि पुढे यथावकाश एक चाचपणी समिती नेमतो, जिचे कार्य इतकेच की, जे पद या गृहस्थाला महाविद्यालयात असल्यापासून हवे आहे ते त्याला खरोखरच हवे आहे काय, याचा तिने निःपक्षपातीपणे शोध घ्यावा. याच सुमारास त्याचे आत्मचरित्रही बाहेर पडते. जॉन केनेडी यांनी १९५६ साली, म्हणजे उमेदवारीच्या चार वर्षे आधी, जे पुस्तक प्रसिद्ध केले ते निदान इतर सेनेटरांच्या धैर्याविषयी होते आणि त्याला पुलित्झर पारितोषिकही मिळाले. हल्लीच्या इच्छुकांनी हा वळसा टाळून स्वतःच्याच धैर्याविषयी लिहिण्याचा सरळ मार्ग पत्करला आहे. या ग्रंथांत बालपणीचे दारिद्र्य अवश्य लागते, आणि ते उपलब्ध नसल्यास दारिद्र्याशी जवळून झालेली ओळख तरी लागतेच.

परंतु या साऱ्या कर्मकांडातील सर्वांत नाजूक भाग म्हणजे नकार. मी सध्या माझ्या राज्याच्या कारभारात पूर्णपणे मग्न आहे, असे म्हणणारा गव्हर्नर उभा राहणार, असा तेथील वार्ताहरांचा सर्वमान्य सिद्धांत आहे. आणि मी या गोष्टीचा विचारही केलेला नाही असे जो म्हणतो त्याने प्रचारकचेरीसाठी जागा पाहून ठेवली असावी, असे धरून चालतात. खऱ्या नकाराचा मसुदा जनरल विल्यम शर्मन यांनी १८८४ सालीच घालून दिलेला आहे. पक्षाने नाव मुक्रर केले तर आपण स्वीकारणार नाही आणि लोकांनी निवडून दिले तर काम करणार नाही, असे त्या रोखठोक सेनानीने कळविले होते. तेव्हापासून वार्ताहर प्रत्येक इच्छुकाकडे शर्मनछाप नकाराची मागणी करीत आले आहेत, आणि बहुतेक इच्छुक वर्तमानकाळाच्या आडोशाने निसटत आले आहेत: मी उमेदवार नाही, एवढे ते शपथेवर सांगतील, होणार नाही, हे वदविण्यासाठी मात्र त्यांना मुसक्या बांधून आणावे लागेल. बराक ओबामा यांनी तेवढे औदार्य दाखविले होते खरे. जानेवारी २००६ मध्ये, २००८ च्या निवडणुकीत आपण उतरणार नाही, असे त्यांनी दूरचित्रवाणीवर भविष्यकाळात सांगितले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये इलिनॉयच्या स्प्रिंगफील्ड गावी, कडाक्याच्या थंडीत, उमेदवारी जाहीर केली. तर्क करणाऱ्यांना यात काहीच वावगे वाटले नाही. उलट त्यांचा सिद्धांतच बळकट झाला.

नकाराचा हा अर्थ इतका रूढ आहे की, कोणी खरोखरच नाही म्हणतो तेव्हा काय करावे हे कोणालाच कळत नाही. १९९१ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांच्याबाबतीत नेमके हेच झाले. त्या वर्षीच्या वसंतात, आखाती युद्धानंतर, थोरले जॉर्ज बुश यांच्या कामगिरीवर ८९ टक्के लोक खूष असल्याचे गॅलपच्या पाहणीत आढळले होते, आणि डेमोक्रॅटिक पक्षातील बड्या बड्या मंडळींना घरगुती जबाबदाऱ्यांची एकदम आठवण झाली होती. उरले कुओमो. वक्ते असे की, १९८४ च्या पक्षाधिवेशनातील त्यांचे भाषण ऐकून लोकांनी त्यांना तेव्हाच मनोमन सिंहासनावर बसविले होते. आणि संशयात्मे असे की, हडसन नदीकाठचा हॅम्लेट ही पदवी त्यांना पत्रकारांनी बहाल केली होती. ते उभे राहणार की नाही, यावर महिनेच्या महिने स्तंभ भरले गेले, त्यांच्या प्रत्येक खोकल्याचे भाष्य झाले. अखेर न्यू हॅम्पशायरमध्ये नाव नोंदविण्याचा शेवटचा दिवस उगवला: २० डिसेंबर, मुदत सायंकाळी पाचपर्यंत. ऑल्बनीच्या विमानतळावर भाड्याचे विमान सज्ज उभे, एक हजार डॉलरचे शुल्क भरण्याची तजवीज झालेली, तिकडे काँकर्ड शहरात कचेरीच्या दाराशी वार्ताहरांची रेटारेटी. आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास हे गृहस्थ पत्रकारांपुढे येऊन सांगतात की, राज्याच्या अंदाजपत्रकाचा तंटा मिटला नसल्यामुळे आपल्याला जाता येत नाही! जगातील सर्वांत बलाढ्य अधिकारपद आणि न्यूयॉर्क राज्याच्या जमाखर्चाची तोंडमिळवणी यांत दुसऱ्या गोष्टीची निवड करणारा मनुष्य एक तर अत्यंत कर्तव्यदक्ष असला पाहिजे किंवा अत्यंत घाबरलेला. माझा कौल थोडा दुसऱ्या बाजूला झुकतो. ते विमान तसेच उभे राहिले. आणि ज्या आर्कान्सासच्या गव्हर्नरने १९८८ च्या अधिवेशनात इतके लांबलचक भाषण केले होते की समारोप करतो असे म्हणताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तो बिल क्लिंटन १९९२ साली अध्यक्षपदी निवडून आला.

या प्रकारात तर्क करणाऱ्यांची अक्कल कमी पडते असे नाही. ती चुकीच्या दिशेने फार धावते. पराभूत पक्ष नेहमी असा उमेदवार धुंडाळतो, जो मागची निवडणूक जिंकला असता. २०१२ साली मिट रॉम्नी हरले, तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने पराभवाची रीतसर चौकशी करविली आणि मार्च २०१३ मध्ये सुमारे शंभर पानांचा अहवाल सिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा की, हिस्पॅनिक मतदारांशी गोडीने बोलावे, स्थलांतरितांच्या कायद्यात सर्वंकष सुधारणा करावी, एकंदर पक्षाचा चेहरा जरा हसरा करावा. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत एका प्रतिष्ठित साप्ताहिकाने फ्लोरिडाचे तरुण सेनेटर मार्को रुबिओ यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापून त्यांना पक्षाचा तारणहार ठरविले. सगळे कसे मापात बसत होते. पुढे २०१५ च्या जूनमध्ये डोनाल्ड ट्रम्प आपल्या न्यूयॉर्कच्या मनोऱ्यातील सरकत्या जिन्यावरून खाली आले, मेक्सिकोतून येणाऱ्यांविषयी जे बोलायचे ते बोलले, आणि त्या शंभर पानांतील प्रत्येक शिफारशीच्या बरोबर उलट वागून त्यांनी उमेदवारीही मिळविली व गादीही मिळविली. तारणहार रुबिओ स्वतःच्या फ्लोरिडातच हरले आणि त्याच रात्री बाजूला झाले. आज ते त्याच ट्रम्पसाहेबांच्या सरकारात परराष्ट्रमंत्री आहेत, आणि २०२८ च्या यादीत उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या पाठोपाठ त्यांचे नाव पुन्हा लागलेले आहे. यादीत एकदा नाव चढले की ते उतरविण्याची तरतूद कोणत्याच नियमात नाही.

पूर्वी हा छंद इतका लांबत नसे, कारण निर्णय अधिवेशनातच व्हावयाचा. १९२४ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक प्रतिनिधी भर उन्हाळ्यात सोळा दिवस घाम गाळीत बसले आणि मॅकअॅडू व स्मिथ या दोन मल्लांपैकी कोणीच चीत होईना म्हणून १०३ वेळा मतदान झाले. वर्णानुक्रमाने पहिला मान अलाबामाचा. त्यामुळे तेथील गव्हर्नर जवळजवळ प्रत्येक फेरीला उठून, अलाबामाची चोवीस मते अंडरवूड यांना, असे खणखणीत आवाजात पुकारीत आणि अखेरीस सभागृहातील प्रेक्षकही त्यांच्या सुरात सूर मिसळू लागले. शेवटी उमेदवारी मिळाली जॉन डेव्हिस यांना, ज्यांच्यावर कोणाचा विशेष राग नव्हता. हा सारा गोंधळ प्रथमच रेडिओवरून घरोघरी ऐकू गेला, आणि नोव्हेंबरात मतदारांनी त्याबद्दलचे आपले मत नोंदविले.

१९६८ साली शिकागोत ह्यूबर्ट हम्फ्री यांना, एकही प्राथमिक निवडणूक न लढविता, उमेदवारी दिली गेली आणि बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या, तेव्हा पक्षाने नियम बदलण्यासाठी आयोग नेमला. प्रतिनिधी आता लोकांच्या मताने यावेत असे ठरले आणि त्याबरोबर तर्काचा हंगामही दीड-दोन वर्षांनी लांबला. १९७२ चे उमेदवार एडमंड मस्की होणार याविषयी दुमत नव्हते. उंचपुरे, धीरगंभीर, शिष्ट; हा मनुष्य कधी विचलित होत नाही, अशी त्यांची ख्याती. फेब्रुवारीच्या अखेरीस मँचेस्टर गावी, आपल्या पत्नीविषयी वेडेवाकडे छापणाऱ्या वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर एका मालमोटारीवर उभे राहून ते बोलत असता त्यांच्या गालांवरून काही तरी ओघळले. ते अश्रू होते की हिमकण वितळत होते, याचा निवाडा आजतागायत झालेला नाही. बर्फ पडत होता हे मात्र सर्व साक्षीदारांना मान्य आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये मस्की ४६ टक्के मते घेऊन पहिले आले, आणि पंडितांनी ५० टक्क्यांचा अंदाज बांधलेला असल्यामुळे हरले असे ठरले. उमेदवारी नेली जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी. सारे जण उमेदवाराच्या मुद्रेकडे पाहत असता मॅकगव्हर्न यांचे लक्ष नियमांकडे होते, आणि ते स्वाभाविक होते, कारण आयोगाचे अध्यक्ष तेच होते. नोव्हेंबरात ते पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये हरले, हा भाग वेगळा.

आता कोणी म्हणेल की, हे सगळे जुने दाखले. आज शास्त्रशुद्ध जनमत पाहण्या आहेत. आहेत तर! परंतु इतक्या आगाऊ घेतलेल्या पाहणीत मतदार ज्याचे नाव ऐकले आहे ते सांगतो, यापलीकडे तिच्यात शास्त्र नसते. २००७ चे जवळजवळ वर्षभर रिपब्लिकन पक्षात रूडी जुलियानी सर्वांच्या पुढे होते आणि डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन. जुलियानी यांनी आरंभीची राज्ये आपल्या तोलाची नाहीत असे समजून फ्लोरिडात तळ ठोकला, तेथे ते तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी घरी गेले. उलटपक्षी जिमी कार्टर यांचे उदाहरण घ्या. १९७३ च्या डिसेंबरात, जॉर्जियाचे गव्हर्नर असताना, पाहुण्याचा व्यवसाय ओळखण्याच्या एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते गेले, आणि परीक्षकांच्या डोळ्यांवर पट्टी नसतानाही त्यांना चेहऱ्यावरून कोणी ओळखले नाही. पुढे वर्षभर हा गृहस्थ आयोवातील शेतकऱ्यांच्या घरी मुक्काम करीत, सकाळी आपले अंथरूण आपणच आवरीत हिंडला. जानेवारी १९७६ मध्ये तेथे मतदान झाले, तेव्हा ३७ टक्के लोकांनी, आमचे अजून ठरले नाही, असा कौल दिला आणि कार्टर साधारण २८ टक्के मते घेऊन त्या न ठरलेल्यांच्या मागे दुसरे आले. हा विजय मानण्यात आला. येथे सर्व अवलंबून असते ते कोण काय मानतो यावर.

आयोवाची महती तेव्हापासून वाढली, आणि ती पाहायची तर ऑगस्टमधील डे मॉइन येथील राज्य-जत्रेत पाहावी. शीतपेटीत काचेआड सुमारे सहाशे पौंड लोण्याची गाय उभी असते. १९११ पासून ही परंपरा आहे. इच्छुक तिचे दर्शन घेतो. नवीन कोऱ्या, घड्या न मोडलेल्या चौकड्यांच्या सदऱ्यात तो वराहपालक संघाच्या तंबूत शिरतो, हाती झारा घेऊन धुरात डोळे चोळीत मांसाचे तुकडे उलटतो, आणि काडीला खोचलेला एक तुकडा छायाचित्रकारांच्या देखत खातो, तोही असा की तोंड फार उघडलेले दिसू नये. मग गवताच्या भाऱ्यांनी सजविलेल्या एका ओट्यावर वीस मिनिटे बोलतो. जवळच एका वाहिनीने बरण्या मांडलेल्या असतात. प्रत्येकीवर एकेका इच्छुकाचे चित्र, आणि येणाऱ्याने मक्याचा एक दाणा आपल्या आवडत्या बरणीत टाकायचा. पूर्वी एम्स गावी याहून भारदस्त अशी एक लुटूपुटूची निवडणूक होत असे. तिच्यात मत द्यायला तीस डॉलरचे तिकीट लागे, पण ते बहुधा इच्छुकच काढून देई, वर बसगाडीचे भाडे आणि जेवणही. २०११ साली मिशेल बाकमन ही निवडणूक जिंकल्या आणि साडेचार महिन्यांनी, जेव्हा मतदारांना स्वखर्चाने यावे लागले, तेव्हा सहाव्या आल्या. त्या खऱ्या मतदानाचीही मौज अशी की, रात्री रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचे जाहीर झाले आणि दोन आठवड्यांनी सँटोरम चौतीस मतांनी पुढे असल्याचे निघाले. आठ केंद्रांचे कागद सापडलेच नाहीत. त्याच हंगामात काही आठवडे आघाडीवर असलेले टेक्सासचे रिक पेरी एका वादसभेत, सत्तेवर येताच आपण तीन खाती बंद करणार, असे बजावून गेले आणि तिसरे खाते कोणते ते भर मंचावर विसरले. ते ऊर्जाखाते होते. २०१७ साली त्यांना त्याच खात्याचे मंत्री करण्यात आले.

आपल्या लोकांना हा तमाशा दुरून पाहवत नाही. त्यात आपले कोणी असावे लागते. हॅरिसबाईंसाठी तमिळनाडूतील तुळसेंद्रपुरम गावी अभिषेक झाले, व्हान्स यांच्या पत्नी उषा यांच्या नात्याने आंध्रातील वडलूर गावालाही आता व्हाइट हाउसमध्ये पाऊल ठेवल्याचे समाधान आहे. मराठी माणूस तेवढा कोरडा राहिला. तसे आपले श्री ठाणेदार आहेत. चिकोडीला जन्मले, बेळगावात वाढले, मिशिगनमध्ये उद्योग उभारला, मराठीत आत्मचरित्र लिहिले, म्हणजे वर सांगितलेल्या विधीतील एक महत्त्वाचे कलम उरकले, आणि २०२३ पासून ते काँग्रेसचे सभासद आहेत. परंतु अमेरिकेच्या घटनेतील दुसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे अध्यक्ष जन्मतःच अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. त्यामुळे चिकोडी महाराष्ट्रात की कर्नाटकात हा प्रश्न उद्या सुटला, तरी त्याचा या बाबतीत उपयोग नाही.

तूर्त तर शर्यत कोठून सुरू व्हावी, यावरच वाद आहे. न्यू हॅम्पशायरने १९७५ साली कायदाच केला आहे की पहिली प्राथमिक निवडणूक आमची. डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ साठी तो मान दक्षिण कॅरोलायनाला दिला, तेव्हा न्यू हॅम्पशायरने पक्षाची आज्ञा धाब्यावर बसवून २३ जानेवारीलाच मतदान उरकले, आणि मतपत्रिकेवर नाव नसलेले बायडेन हाताने लिहिलेल्या नावांवर जिंकले. त्याच तारखेला कॅनडाच्या सरहद्दीनजीकच्या डिक्सव्हिल नॉच या वस्तीत, १९६० पासूनच्या रिवाजाप्रमाणे, मध्यरात्रीच्या ठोक्याला मतदान झाले. तीन वर्षांच्या तर्ककुतर्कांनंतर न्यू हॅम्पशायरमध्ये पेटीत पडलेली ही पहिली मते, एकंदर सहा. मतदारांपेक्षा वार्ताहर कितीतरी अधिक होते. सहाही मते निकी हेली यांना मिळाली, ट्रम्प यांना शून्य, आणि काही मिनिटांत ते आकडे टक्केवारीसह जगभर गेले. त्याच दिवशी रात्री ट्रम्प राज्यात अकरा टक्क्यांनी जिंकले तोपर्यंत हेलीबाई शंभर टक्क्यांनी आघाडीवर होत्या. २०२८ साठी त्या वस्तीत कोण नव्याने राहायला आले आहे आणि कोणी बिऱ्हाड हलविले आहे, याची चौकशी कोण्या इच्छुकाच्या माणसाने एव्हाना करून ठेवली असेल.